कस्तुरीला कोणी चुचकारलं?

आमच्या घरात माणसांच्या बोलण्यापेक्षा जिभेचा आवाज जास्त ऐकू यायचा. बोलायला आम्ही सगळेच आळशी. जीभ टाळूला लावून सोडली की ‘टक्’ असा जो आवाज निघतो, तो म्हणतोय मी. बाबा पहाटे बैल सोडताना तो काढायचे, माय संध्याकाळी कोंबड्या डालताना काढायची आणि माझी धाकटी बहीण तर ओल्या लाकडांनी चूल पेटत नसली की चुलीकडे बघून काढायची. चूल काही बैल नव्हती, पण आमच्याकडे जे अडलं त्याला चुचकारायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. आजही रेल्वे फाटकापाशी नातवाची मोटरसायकल दोन लाथांत सुरू झाली नाही की माझी जीभ आपोआप वाजते. तो चिडून म्हणतो, “दादाजी, ये बैल नहीं है.” या एवढ्याशा आवाजानं माझं काय केलं हे त्याला माहीत नाही, आणि हिंदीत सांगायला गेलो तर ती गोष्ट दुसऱ्याच कुणाची वाटते. म्हणून मराठीत लिहून ठेवतो. वाचेल तो वाचेल.

बाबांची बंडी, म्हणजे बैलगाडी, होती. नदीपलीकडच्या गावांतून, पार खैरलांजीच्या बाजूनंसुद्धा, धान भरून ते बालाघाटच्या राइस मिलवर आणायचे. आमचं घर मिलच्या मागच्या अंगाला, त्यामुळे अंगणात बारा महिने कोंड्याचा थर आणि नाकात भुशाचा वास. खायला मात्र चंगळ होती. बाबा कुठून कुठून चिन्नोर जातीचे वासाचे तांदूळ उपरण्यात बांधून आणायचे. तो भात शिजायला लागला की शेजारची म्हातारी काहीतरी मागायच्या निमित्तानं हमखास यायची. भातावर लाखोळीच्या डाळीचं वरण, वर कच्च्या तेलाची धार आणि नदीची बारीक मासळी भाजून चोळलेली. फौजेत मी पुढे अंडी, मटण, टिनमधलं लोणी सगळं खाल्लं. त्या वरणासारखं पोट एकाही वेळी भरलं नाही, हे खरं सांगतो.

उन्हाळ्यात वैनगंगेचं पाणी आटलं की गाडीवाले सरळ वाळूतूनच बंड्या घालत. वाळूत चाक रुतणं रोजचंच. आणि बंडी रुतली की आमच्याकडे एक रीत होती. काठावर जो कोणी असेल त्यानं थांबायचं आणि त्या बैलांना चुचकारायचं. धुणं धुणाऱ्या बाया, आंघोळीला आलेली पोरं, उलट्या बाजूनं येणारे गाडीवाले, सगळे एकदम. पन्नास जिभा टकटक करायला लागल्या की बैलांच्या अंगात कुठून जोर यायचा कोण जाणे, चाक सुटायचं. रुतलेल्या बंडीपाशी मुक्यानं उभा राहिलेला माणूस म्हणजे आमच्या लेखी वाईट माणूस. एकदा बाबाराव म्हणून एका गाडीवाल्याची बंडी रुतली होती. त्याचं आणि बाबांचं चार वर्षं बोलणं नव्हतं. तरी बाबांनी आपली बंडी थांबवली, खाली उतरले, त्याच्या बैलांना मनापासून चुचकारलं आणि बंडी निघाल्यावर तोंड फिरवून परत येऊन बसले.

मी विचारलं, “बाबा, त्याच्यासंग तं तुमचं बोलनं नाई ना?”

“माह्यं भांडन त्याच्यासंग हाय,” बाबा म्हणाले. “बैलाईसंग नाई.”

मॅट्रिकला गणितात आपटलो आणि अरुंद रुळांच्या छोट्या गाडीत बसून जबलपूरला भरतीला गेलो. साहेबानं विचारलं, “जानवर संभाला है कभी?” मी छाती फुगवून हौ म्हटलं. त्या एका ‘हौ’वर माझी रवानगी घोड्यांकडे झाली, आणि दोनेक वर्षांत दूर उत्तरेकडच्या एका फौजी घोडेस्वारीच्या शाळेत येऊन पडलो. शाळा म्हणजे काय, चार मैदानं, लांबच लांब तबेले, आणि तीनशे घोड्यांना शिकवणारे आम्ही साठ-सत्तर जण. आम्हाला शिकवणारे रिसालदार साहेब राजस्थानचे. मिशा अशा की घोडेसुद्धा दबून असत. त्यांचा एकच मंत्र होता, “टाँग बोलेगी, जबान नहीं.” स्वारानं घोड्याशी टाचेनं, मांडीनं, बोटांतल्या लगामानं बोलायचं. तोंड बंद.

कस्तुरी नावाची काळपट तपकिरी घोडी तिथं होती. दिसायला राणी आणि स्वभावानं अडेलतट्टू. चालता चालता मधेच थांबायची आणि मग टाचा मारा, छडी मारा, ती मंदिरातल्या नंदीसारखी उभी. तिघांनी नाद सोडल्यावर ती माझ्या गळ्यात पडली. पहिल्याच दिवशी मैदानाच्या मधोमध अडली. मी आजूबाजूला पाहिलं, रिसालदार साहेब लांब होते. जीभ टाळूला लावून सोडली. कस्तुरीनं कान उभे केले आणि झुळकीसारखी पुढे निघाली. असा आनंद मला नंतर लग्नातसुद्धा झाला नाही, बायकोला हे वाचून दाखवू नका.

झालं. तिला मी चुचकारून शिकवलं आणि जगाला सांगितलं की टाचेनं शिकवलं. ओठ मिटून, घशातल्या घशात असा बारीक टक् काढायला मी शिकलो की तो माझ्या आणि तिच्यापलीकडे कुणाला कळत नसे. वर्षभरात कस्तुरी शाळेतली सगळ्यात देखणी चालणारी घोडी झाली आणि आमचे कॅप्टन साहेब, जे संघ निवडायचे, ते तिला बघायला मुद्दाम येऊन उभे राहू लागले. त्यांनी आम्हाला ड्रेसाजला घातलं. हा प्रकार असा: साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद चौकोन, कडेला अक्षरांच्या पाट्या, आणि घोड्यानं त्या अक्षरांच्या हिशेबानं चालायचं, दुडकायचं, वळायचं, मधोमध येऊन पुतळ्यासारखं थांबायचं. स्वारानं तोंडातून आवाज काढला की गुण कापले. म्हणजे माझी सगळी विद्या तिथं गुन्हा होती.

त्या काळात घोड्यांची कसली तरी साथ येऊन गेली होती, म्हणून आपल्या देशातले घोडे बाहेर न्यायला मनाई होती. आमचे स्वार तयार, घोडे तयार, आणि जायला वाट नाही. रोज उठून सराव करायचा आणि कशासाठी ते माहीत नाही, याचा वैताग साऱ्या तबेल्यात भरून राहिला होता. शेवटी वरच्या साहेबांनी डोकं लढवलं. परदेशच्या संघांनाच आपल्याकडे बोलवायचं, त्यांनी घोडे न आणता यायचं आणि आमच्या घोड्यांवर बसायचं. आमच्यातले जे दोघं सगळ्यात वर येतील त्यांना पुढच्या वर्षी त्यांच्या देशात, त्यांच्या घोड्यांवर स्पर्धेला न्यायचं. अधिकारी नसलेल्या साध्या सवारालाही संधी होती. मला विमान सोडा, मुंबईसुद्धा माहीत नव्हती. रात्रंदिवस तेच डोक्यात.

तालमीला दिल्लीहून एक म्हातारे पंच आले. त्यांचे डोळे अधू होते, पण कान शाबूत. माझी फेरी संपल्यावर त्यांनी कॅप्टन साहेबांना हळूच काहीतरी सांगितलं. साहेबांनी मला बोलावलं. रागावले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, “नामदेव, तुम्हारी एक महीने की छुट्टी बाकी है. घर जाओ. जीभ वहीं छोड़कर आना.”

आता सांगा, ज्या घरात चुलीलासुद्धा चुचकारतात, तिथं माझी खोड मोडायला मला पाठवलं! साहेबांना बालाघाट कुठे माहीत. मी घरी आलो आणि पहिल्याच सकाळी बाबांनी बैल सोडताना टक् केलं, त्यासरशी माझीही जीभ वाजली. मग मी चिंचोका तोंडात धरायचं ठरवलं. जिभेखाली चिंचोका असला की टक् निघत नाही. दिवसभर चिंचोका ठेवून बोलायचो. मायनं दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी डोळ्याला पदर लावला.

“पोट्टा बोबडा होऊन आला माय! काय केलं व माह्या लेकराले त्याईनं?”

मी चिंचोका काढून दाखवला, समजावून सांगितलं. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांना काही पटेना.

“म्हंजे जनावराशी बोलाचं नाई?”

“नाई. मुक्यानंच बसा लागते.”

“काहून?”

“तसा नेम हाय, बाबा.”

“जनावराले मुक्यानं हाकलनं म्हंजे बायकोले मुक्यानं जेवाले मागनं,” बाबा म्हणाले. “देईन ते, पन मनातून देईन का?”

माय म्हणाली, “तुमी कोनत्या दिवशी बोलून मांगतलं?” आणि आत निघून गेली.

महिनाभर मी बाबांची बंडी चिंचोका तोंडात ठेवून हाकली. बैल माझ्याकडे वळून वळून बघायचे. उकव्याच्या खाणीवरून येणारे ट्रक मागे भोंगा वाजवत आणि माझी जोडी रस्त्याच्या मधोमध ठाण मांडून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी अक्षरशः खाल्ला. पण हळूहळू जमलं. पायाच्या अंगठ्यानं, दोरीच्या एका झटक्यानं बैल निघायला लागले. परत गेल्यावर कस्तुरीवरही जमलं. पूर्वीसारखी झुळूक नाही, थोडी नाराजीनं, पण निघायची. चिंचोका मात्र खोगिरावर बसताना तोंडात असायचाच. रिसालदार साहेबांनी पाठीवर थाप मारली नाही, फक्त शिवी दिली नाही. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी चिठ्ठ्या काढल्या. आम्हीही आमच्या घोड्यांवर बसायचं नव्हतं. सगळ्यांनी टोपीतून चिठ्ठी काढायची, आपलाच घोडा निघाला तर परत टाकायची. हा नियम मला त्या दिवशी कळला. तोवर मी मूर्खासारखा स्वतःला कस्तुरीवर बसलेला स्वप्नात बघत होतो. मला हैदर नावाचा धिप्पाड, आज्ञाधारक घोडा निघाला. कस्तुरी निघाली युरोपातल्या एका लेफ्टनंटला. देशाचं नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. सडपातळ, अबोल माणूस. संध्याकाळी तबेल्यात येऊन त्यानं कस्तुरीच्या मानेवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून हसला. मी हसलो. ती अडते, आणि अडली तर काय करावं, हे मी त्याला सांगायला हवं होतं का? इंग्रजी येत नव्हतं, ही सबब झाली. खरं म्हणजे सांगितलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं.

दुसऱ्या दिवशी हैदरवर माझी फेरी उत्तम झाली. फळ्यावर मी दुसरा होतो. आठ जण उरले होते आणि त्यांतला मला मागे टाकू शकेल असा एकच, तो लेफ्टनंट. मी घोडा सईसाकडे दिला, चिंचोका थुंकला आणि कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो. शामियान्यात साहेब लोक, मडमा, पाहुणे, आणि एवढ्या गर्दीत शांतता अशी की लगामाची कडी वाजलेली ऐकू यावी. कस्तुरी आली. काय चालत होती! त्या माणसाच्या हातात जादू होती. मधोमध येऊन ती थांबली, त्यानं सलाम केला, आणि आता दुडकीत निघायचं. ती निघाली नाही.

त्यानं टाच लावली. ती नाही. पुन्हा लावली. तिनं कान मागे टाकले, पाय रोवले. माझ्यापासून दहा मीटरवर माझी घोडी अडून उभी, पाठीवरचा माणूस घामाघूम, आणि सभोवती दोनशे माणसं मुक्यानं बघताहेत. मी काही ठरवलं नाही. ती जिंकू नये असंही मनात आलं नाही आणि जिंकावी असंही नाही. माझी जीभ वाजली, एवढंच मला माहीत आहे. चांगली खणखणीत, घरच्यासारखी. टक् टक्.

कस्तुरीचे कान उभे राहिले. ती अशी निघाली की शामियान्यातून कोणीतरी ‘वाह’ म्हणालं. पुढच्याच क्षणी मुख्य पंचांची घंटा वाजली. बाहेरून मदत मिळाली तर तो स्वार बाद, असा नियम. लेफ्टनंटनं लगाम आवळला, सलाम केला आणि बाहेर पडताना कठड्याकडे एकदाच पाहिलं.

कॅप्टन साहेबांनी आम्हाला तबेल्यामागे रांगेत उभं केलं. “किसने किया?”

मी एक पाऊल पुढे झालो.

“क्यों?”

“साहब, गाड़ी फँसी थी.”

“कौन सी गाड़ी?”

काय सांगणार? मी नदी, वाळू, काठावरची माणसं असं काहीतरी बोलत राहिलो आणि जितका बोललो तितका खोटा वाटत गेलो. परदेशी संघाची खात्री झाली होती की यजमानांनी आपला माणूस कठड्याला उभा करून त्यांचा स्वार मुद्दाम पाडला. आमच्या काही जणांनाही मनातून तेच वाटलं, आणि त्यातल्या दोघांनी रात्री मला शाबासकी दिली! ती शाबासकी मला अजून जाळते. मी त्या माणसाला मदत करायला गेलो होतो हो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी लबाड आहे असं मानायला सगळे तयार होते. मी मूर्ख आहे असं मानायला एकही तयार नव्हता. माझे गुण रद्द झाले. संघातल्या चौघांपैकी तिघांचेच गुण धरायचे होते म्हणून कप तरीही आमच्या शाळेलाच मिळाला, आणि तो घेताना कुणी धड टाळ्या वाजवल्या नाहीत. परदेशी जाणाऱ्या दोघांत माझं नाव नव्हतं.

पंधरा दिवसांसाठी घरी पाठवलं. छोट्या गाडीतून उतरलो तर मिलचे हमालसुद्धा विचारताहेत, “नाम्या, इलायतेले कवा जातं?” घरी आल्यावर भात पुढ्यात होता. तो तसाच ठेवून सगळं सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “मंग घोडी निघाली का?”

“हौ.”

“मंग तुनं गुन्हा काय केला?”

आणि मी ओरडलो. बाबांवर जन्मात पहिल्यांदा. “तुमच्यापायीच झालं हे! सारं घर बैलावानी टकटक करत राह्यते! मानसावानी गप्प राह्यता येत नाई का तुमाले?” माय दारात थबकली. पुढचे पंधरा दिवस मी घरी असताना बाबांनी बैलांना एकदाही चुचकारलं नाही. कासरा ओढून, खांद्याला हात लावून मुकाट्यानं जोडी बाहेर काढायचे. मला लाज वाटत होती. माफी मात्र मागितली नाही, आणि पुढे मागायची राहून गेली ती गेलीच.

परत गेलो तेव्हा वाटलं होतं कस्तुरी माझ्याकडून काढून घेतील. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. कॅप्टन साहेब म्हणाले, घोडी उत्तम आहे, हिची ही सवय गेली पाहिजे, आणि ती लावणाऱ्यानंच काढली पाहिजे. काम साधं होतं. कस्तुरीवर आमचे एक तरुण लेफ्टनंट बसणार, तिला मैदानाच्या मधोमध उभी करणार. मी कठड्यापाशी उभं राहून चुचकारायचं. ती हलली की त्यांनी लगाम आवळून पुन्हा उभी करायची. हलली नाही की मूठभर ओट. रोज सकाळी एक तास.

पहिले काही आठवडे ती प्रत्येक टक् ला पुढे यायची, तोंडात लोखंड रुतलं की मान झटकायची आणि माझ्याकडे बघायची. हाच का तो, असं. मी पुन्हा चुचकारायचो, हुकूमच होता. मग ती अर्धं पाऊल टाकून थांबायला लागली. मग फक्त कान हलायचे. मग एकच कान. मी घरी पत्रात लिहिलं की काम ठीक चाललंय.

हिवाळ्यातल्या एका सकाळी मी कठड्याला उभा होतो, दहा मीटरवर. मी चुचकारलं. आणखी एकदा, मोठ्यानं. कस्तुरी समोर बघत उभी होती. कान हलला नाही, कातडीवरची माशी उडवावी एवढंही काही नाही. लेफ्टनंटांनी टाच लावली आणि ती शांतपणे त्यांच्याबरोबर निघून गेली.

कॅप्टन साहेब माझ्या मागे येऊन उभे होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “शाबाश, नामदेव.” चौदा वर्षांच्या नोकरीत त्या शाळेनं मला दिलेली ती एकमेव शाबासकी.